जर्मनीत नवं घर मांडताना: शेजारचा आवाज, आपली झोप आणि शांततेचा हक्क

आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंद), बँक खातं, आरोग्य विमा या पहिल्या महिन्याच्या धावपळीत भाडेकराराला जोडलेली दोन-तीन पानांची 'हाउसऑर्डनुंग' बहुतेकांकडून वाचायची राहून जाते. ती आधी वाचा. इमारतीतले आवाजाचे नियम तिथेच असतात आणि करारावर सही झाली की ते तुम्हाला बांधतात. तुमच्या शेजाऱ्यांनाही तेच नियम लागू असतात, हे मात्र आपले लोक पटकन विसरतात. आवाज आपल्याकडून गेला तर घाबरून जातात आणि आपल्याकडे आला तर 'जाऊ दे, चालवून घेऊ' म्हणतात. तसं चालवून घेऊ नका. त्याची किंमत शरीर मोजतं.

रात्री 22 ते सकाळी 6 ही वेळ 'नाख्टरूहे', म्हणजे रात्रीची शांतता. काही इमारतींत ती 7 पर्यंत असते. या वेळेत आवाज 'त्सिमरलाउटश्टेर्के'मध्ये ठेवायचा, म्हणजे आपल्या घरातला आवाज शेजारच्या घरात ऐकू येता कामा नये. दुपारी 13 ते 15 ही विश्रांती देशभराच्या कायद्यात नाही, पण हाउसऑर्डनुंगमध्ये किंवा गावाच्या नियमात असली तर पाळावी लागते. रविवार आणि सणाची सुट्टी दिवसभर शांततेची. यामागे थेट राज्यघटना आहे: 1919 च्या वायमार घटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं 139 वं कलम आजच्या राज्यघटनेच्या, म्हणजे 'मूलभूत कायद्या'च्या, 140 व्या कलमाने जसंच्या तसं चालू ठेवलं आहे. म्हणून रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, फर्निचर ठोकायचं नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायला जायचं नाही. निवासी भागात गवत कापायचं यंत्र रविवारी पूर्ण बंद आणि इतर दिवशी रात्री 20 ते सकाळी 7 बंद. पानं उडवणाऱ्या यंत्राला तर साधारणपणे फक्त 9 ते 13 आणि 15 ते 17 एवढीच मुभा आहे.

'महिन्यातून एकदा पार्टी जोरात केली तर चालतं' असं कुणी सांगेल. असा कुठलाही हक्क नाही. जिन्यात चिठ्ठी लावून आधी कळवणं हा चांगुलपणा झाला. त्याने 22 ची मर्यादा पुढे सरकत नाही.

आता तब्येतीचं. झोपेत डोळे मिटतात, कान उघडेच राहतात. दार आपटलं की जाग आली नाही तरी मेंदू त्याला प्रतिसाद देतो: नाडी वाढते, ताणाची संप्रेरकं सुटतात, गाढ झोप उथळ होते. सकाळी काही आठवत नाही, फक्त अंग जड वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शनात झोपेच्या खोलीत सलग आवाज 30 डेसिबल आणि एखादा सुटा आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं तर ही मर्यादा किती खालची आहे ते समजेल. बरीच संशोधनं रस्ते आणि विमानांच्या आवाजावर आहेत, पण याच संघटनेच्या 'लारेस' पाहणीत 2002-03 मध्ये बॉनसह युरोपातल्या आठ शहरांतल्या घरांकडे पाहिलं गेलं. शेजारच्या आवाजाने दीर्घकाळ तीव्र त्रास होणाऱ्या प्रौढांत रक्तदाब, नैराश्य आणि अर्धशिशीच्या तक्रारी जास्त आढळल्या. शेजारचा आवाज मोटारींच्या आवाजापेक्षा जास्त बोचतो, कारण तो कधी सुरू होईल आणि कधी थांबेल हे आपल्या हातात नसतं. आवाज नसतानाही कान त्याची वाट पाहत राहतात. दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, छाती धडधडत असेल, डोकं दुखत असेल, तर हाउसआर्ट्झ्टकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि कारण स्पष्ट सांगा. त्याची नोंद पुढे वादातही उपयोगी पडते.

घर बघतानाच निम्मा प्रश्न सुटतो. एकदा संध्याकाळी 19 नंतर जा. झोपायच्या खोलीची भिंत जिन्याला, लिफ्टला किंवा शेजारच्या न्हाणीघराला लागून आहे का ते पाहा. युद्धापूर्वीच्या जुन्या इमारतींत अनेकदा लाकडी तुळयांचे मजले असतात आणि वरच्या माणसाची साधी चालही खाली धपधप ऐकू येते. पायांचा आवाज मजल्यातून किती जावा याचं मानक (डीआयएन 4109) आहे, पण साधारणपणे इमारत बांधली त्या वेळचं मानक धरलं जातं. त्यामुळे जुन्या घरात चालण्याच्या आवाजाविरुद्ध घरमालकाकडे सहसा काही चालत नाही. हलकी झोप असेल तर सगळ्यात वरचा मजला घ्या, थोडं भाडं जास्त पडलं तरी.

तरीही त्रास सुरू झाला, तर क्रम चुकवू नका. आधी बोला, दिवसा आणि शांतपणे. पुष्कळदा वरच्याला खाली काय ऐकू येतं याची कल्पनाच नसते. स्पीकर जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवला असेल तर खालचे सूर बांधकामातून पसरतात. तो उचलून रबराच्या पायांवर ठेवला की बराच फरक पडतो. खुर्च्यांना फेल्टच्या चकत्या आणि वॉशिंग मशीनखाली कंपन शोषणारी चटई सुचवा.

फरक पडला नाही तर 'लेर्मप्रोटोकोल', म्हणजे आवाजाची नोंदवही, लिहायला घ्या: तारीख, सुरुवात, शेवट, कोणत्या प्रकारचा आवाज, कोणत्या खोलीत आला, झोपमोड झाली का, आणखी कुणी ऐकला. दोन आठवड्यांची नोंद पुरे. भाडे कमी करून मागताना मिनिटामिनिटाचा हिशेब लागत नाही, आवाजाचा प्रकार, वेळ, कालावधी आणि वारंवारता सांगितली तरी चालतं, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलं आहे. पण नोंद असली की बोलणं ठाम होतं. शेजाऱ्याचं बोलणं मोबाईलवर टेप मात्र करू नका. खाजगी संभाषण परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे.

मग घरमालकाला लेखी कळवा, पोच मिळेल अशा टपालाने, 14 दिवसांची मुदत देऊन. हे पत्र टाळलं तर मागच्या महिन्यांचं काहीच मिळत नाही, कारण भाड्यातली घट सहसा कळवल्यापासूनच धरली जाते. आपले लोक सर्वाधिक नुकसान इथेच करून घेतात. घट भाडे अधिक सेवाखर्च अशा एकूण रकमेवर मोजतात. पण स्वतःच टक्के ठरवून पैसे कापू नका. अंदाज चुकला आणि थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी झाली, तर घर सोडण्याची नोटीस येऊ शकते. पूर्ण भाडं 'उंटर फोरबेहाल्ट', म्हणजे हक्क राखून भरा, आणि टक्के मीटरफेराइनला ठरवू द्या. या भाडेकरू संघटनेचे सदस्य आधीच व्हा, कारण तिच्यामार्फत मिळणाऱ्या कायदेशीर विम्याला बहुधा काही महिन्यांची प्रतीक्षा असते.

रात्री असह्य झालं तर 110 वर पोलिसांना बोलवा. नाख्टरूहे मोडल्यावर ते येतात आणि त्यात उद्धटपणा काही नाही. दिवसा ऑर्डनुंग्सआम्टला, म्हणजे सार्वजनिक शिस्त पाहणाऱ्या नगरपालिकेच्या कार्यालयाला, कळवा. बेकायदा आवाजाला 5,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता आपल्याकडून जाणारा आवाज. भारतातल्या सकाळी 9 वाजता इथे उन्हाळ्यात 5:30 आणि हिवाळ्यात 4:30 वाजलेले असतात. आईबाबांचा फोन आला तर स्पीकर लावून बोलू नका. कुकरच्या शिट्ट्या दिवसा बिनधास्त होऊ द्या, पण मिक्सर आणि खलबत्ता 22 नंतर नको. खलबत्त्याखाली नेहमी जाड घडी घाला. तान्ह्या बाळाच्या रडण्याचा धसका घेऊ नका, ते सहन करणं शेजाऱ्यांवर बंधनकारक आहे. मोठी मुलं रोज तासन्‌तास उड्या मारत असतील तर मात्र ती सूट संपते. पेटी-तबल्याचा रियाज करता येतो: 2018 मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका तुतारीवादकाच्या खटल्यात कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि रविवारी एक ते दोन तास असा ढोबळ अंदाज दिला, अर्थात रात्रीच्या आणि दुपारच्या शांततेच्या वेळा सोडून. दिवाळीत मोठे फटाके मात्र नकोत. सर्वसामान्यांना ते फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाच उडवता येतात, इतर दिवशी नगरपालिकेची परवानगी लागते. फुलबाज्या वर्षभर चालतात.