जुन्या गाडीचा फॅन स्विच घेताना

फॅन स्विच म्हणजे इंजिनाचं पाणी तापलं की ते गार करणाऱ्या रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू करणारा स्विच. तो घेताना दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका, जुना स्विच खोलून खिशात घेऊन जा. इंजिन गार झाल्यावरच खोला, नाहीतर हात भाजेल. स्विचवर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ ९५-८४, म्हणजे पंखा ९५ अंशांना सुरू, ८४ला बंद.

खरी मेख थर्मोस्टॅटमध्ये आहे, म्हणजे पाणी ठरावीक तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेत. तो ८८ला उघडणारा आणि स्विच इंजिनावर असेल, तर तिथलं पाणी ८४पर्यंत उतरतच नाही, आणि ८४ला बंद होणारा स्विच पंखा थांबूच देणार नाही. बॅटरी बिचारी राबत राहील. रेडिएटरच्या खालच्या टाकीत मात्र पाणी थंड होऊन आलेलं असतं, तिथे कमी आकडे चालतात. म्हणून जागा आधी बघायची.

‘उन्हाळा आहे, कमी आकड्याचा टाका’ असं सांगणारे भेटतील. माझं गिऱ्हाईक असेल तर आधी रेडिएटर साफ करून घ्यायला लावतो.

आटे जुळवून बघा, वायसर नवाच टाका. दोन पिनांच्या जागी तीन पिनांचा घेऊ नका, तो दोन स्पीडच्या पंख्याचा असतो. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर आणि मल्टीमीटर (स्विच जोडला गेला की नाही ते दाखवणारं मीटर) लावून तपासा.