पदच्युत राजा परततो तेव्हा : पर्यायी इतिहास लिहिताना या चुका टाळा

जळगावच्या एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा मी काही वर्षांपासून वाचतो आहे, आणि गादीवरून उतरवलेला राजा हद्दपारीतून परत आला अशी कल्पना केलेल्या दोन-तीन कथा त्यांत दर वर्षी हमखास असतात. कोणी नेपोलियनला सेंट हेलेनाहून सोडवतो, कोणी बहादूरशहा जफरला रंगूनहून आणतो. पण खानदेशातल्या लेखकांची ओढ शेवटच्या पेशव्याकडे, दुसऱ्या बाजीरावाकडे, अधिक आहे, कारण जून १८१८ मध्ये तो कंपनीचा सेनाधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला तो आपल्या शिवेलगतच, अशीरगडाजवळच्या धुळकोटला. कल्पना उत्तम असूनही यांतल्या बहुतेक कथा तिसऱ्या पानावर कोसळतात, आणि त्यांची कारणे जवळपास तीच ती असतात.

सर्वांत सोपी चूक वयाची. बाजीराव १८५१ च्या जानेवारीत हद्दपारीत ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, वारला, तरी १८५७ च्या धामधुमीत त्याला तापी ओलांडायला लावणाऱ्या दोन कथा मी परत केल्या आहेत. जफरला १८५८ साली रंगूनला नेले तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती आणि १८६२ मध्ये तो तिथेच गेला. त्याला परत आणायचेच असेल तर पालखीतून आणावे, उधळत्या घोड्यावरून नको.

खरी अडचण नेपोलियनचा साचा जसाच्या तसा उचलण्यात आहे. १ मार्च १८१५ रोजी तो एल्बाहून येऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि २० मार्चला पॅरिसमध्ये होता, एवढे लेखकांच्या लक्षात राहते, आणि मग त्यांचा बाजीरावही बिठूरहून निघून महिन्याभरात शनिवारवाड्यात पोहोचतो. बिठूर ते बऱ्हाणपूर हे अंतर सरळ रेषेतच सातशे किलोमीटरच्या आसपास भरते, मध्ये माळव्यात माल्कमच्या पलटणी आहेत, हे तर झालेच. पण मुख्य फरक अंतराचा नाही. ग्रेनोब्लच्या वाटेवर नेपोलियनला अडवायला जे सैनिक उभे होते ते काल-परवापर्यंत त्याच्याच हाताखाली लढलेले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या बूरबाँ घराण्याच्या राजाने त्याच्या हजारो अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी बसवले होते. तो परत आल्यास या लोकांचा फायदा होता. बाजीरावाच्या बाबतीत हे पारडे नेमके उलटे होते. त्याचे सेनापती बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले होते. त्याच महिन्यात इंग्रजांच्या वतीने एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून, पेशव्याची साथ सोडून घरी परतणाऱ्यांची वतने राखण्याचे आश्वासन दिले होते. आणि खुद्द बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला होता. परत येणाऱ्याला आणि त्याला सामील होणाऱ्यालाही हातातले सोडूनच निघावे लागणार, हे कथेत कुठेच दिसत नसेल तर वाचक ते मानत नाही.

याची दुरुस्ती कागदावर करता येते. राजाला मदत करणाऱ्या प्रत्येक पात्रासमोर दोन ओळी लिहाव्यात : आज याच्या पदरात काय आहे, आणि उद्या डाव फसला तर काय जाईल. पाटील, सावकार, भिल्ल नाईक, अरब जमादार, कोणालाही यातून वगळू नये. अरबांचे तर उदाहरणच इतिहासात पडलेले आहे. बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाल्यावर काही दिवसांतच त्याच्याच पदरच्या अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी त्याचा तळ घेरला, आणि त्यातून त्याची सुटका करायला मध्ये पडावे लागले ते माल्कमलाच. ज्याचा पगार थकला आहे तो धन्याचा वेढा घालतो, हे प्रत्यक्ष घडलेले दृश्य डोळ्यांसमोर असताना ‘श्रीमंतांचे नाव ऐकताच हजारो तलवारी म्यानाबाहेर आल्या’ हे वाक्य लिहवते तरी कसे, हे मला कळत नाही.

भिल्लांविषयीही तसेच. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने कंपनीसाठी भिल्ल पलटण उभी करायला घेतली आणि धरणगाव तिचे ठाणे झाले. कथा त्यानंतरची असेल तर सातपुड्यातला तरुण कोणत्या बाजूला जाईल हा प्रश्न साधा राहत नाही, आणि त्याच्या हाती निव्वळ तिरकामठा देऊन तो सुटतही नाही.

आता वाट आणि हंगाम. अमळनेरच्या एका तरुणाने मागच्या वर्षी पाठवलेल्या कथेत पेशव्याचे पाच हजार स्वार श्रावणात, भुसावळपाशी, एका रात्रीत तापी उतरून येतात आणि सकाळी केळीच्या बागांत मुक्काम करतात. लिहिण्याची धाटणी चांगली होती, म्हणून मी त्याला घरी बोलावून गॅझेटियरचे पान पुढे ठेवले. श्रावणात तापी तांबडी आणि काठोकाठ वाहते, तिला उतार मिळत नाही. मोहिमा निघतात त्या दसऱ्यानंतर. केळीचा मोठा बागायती पसारा अलीकडचा आहे. आणि १८१८ चा खानदेश हा काही भरल्या कणगींचा मुलूख नव्हता : १८०२ मधली होळकरी लूट, त्यामागून आलेला दुष्काळ आणि नंतरचे पेंढारी यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती, शेतांत झुडपे माजली होती आणि वाघांचा उपद्रव होता. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघते फाल्गुनाच्या सुमारास, तोवर या पाच हजार घोड्यांना दाणावैरण कोण देणार? त्याने थोडा विचार करून स्वार आठशेवर आणले. मला ते आठशेही जड वाटतात.

राजा नेमका कोण, हाही घोटाळा बऱ्याच कथांत असतो. बाजीराव बादशहा नव्हता, तो छत्रपतींचा प्रधान होता, आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास राज्य देऊन ही फट अचूक पकडली होती. म्हणून परतलेला बाजीराव पहिले पत्र कोणाच्या मुद्रेने काढतो, या प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी तयार असले पाहिजे. त्या एका पत्रावर अख्खे प्रकरण उभे राहू शकते. शिवाय खूप वर्षांनी परतलेल्या माणसाला आपल्याकडे आधी तोतया ठरवले जाते. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने पुण्याला कैक वर्षे घोर लावला होता, आणि १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून खानदेशच्या वाटेने परतलेल्या शाहूंनाही ताराबाईंच्या पक्षाने आधी तोतयाच म्हटले.

भाषेबद्दल थोडेच सांगतो. पात्रांच्या तोंडी ‘ब्रिटिश शासन’ नको, ‘कंपनी सरकार’ किंवा ‘टोपीकर’ हवे. आणि तापीकाठचा नावाडी अनोळखी स्वाराला पुणेरी मराठीत हटकणार नाही, तो ‘कोन शे रे तू?’ असेच विचारील.

ज्यांना बाजीराव झेपत नाही त्यांना मी आप्पासाहेब भोसल्यांकडे पाठवतो. नागपूरच्या गादीवरून काढलेला हा राजा १८१८ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटला, महादेवाच्या डोंगरांत राहिला आणि १८१९ च्या आरंभी अशीरगडाच्या आश्रयाला आला. शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड याने तो गड एप्रिलपर्यंत लढवला. इथे इतिहासाला फक्त एकच धक्का द्यावा लागतो, बाकीची माणसे आपापल्या जागी उभीच आहेत.

अमळनेरच्या त्या तरुणाने कथा पुन्हा लिहून पाठवली आहे. आता ती अरब जमादार तंबूबाहेर बसून थकलेल्या महिन्यांचा हिशेब बोटांवर मोजतो तिथून सुरू होते, आणि पहिली चार पाने खरोखर चांगली उतरली आहेत. पाचव्या पानावर मात्र भाद्रपदातच तापीला उतार मिळाला आहे. तेवढे पेन्सिलीने खुणावून मी ती परत पाठवली.