अळ्या मोठ्या झाल्या, तरी कोष का करत नाहीत? रेशीम शेतीत या चुका टाळा

पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या टम्म फुगल्यात, तुतीचा पाला खातच सुटल्यात, पण चंद्रिकेवर (कोष करायला ठेवतात त्या जाळीवर) धागा काही काढत नाहीत. अशा वेळी पहिला संशय अंडीपुंजांवर, म्हणजे विकत आणलेल्या अंड्यांवर जातो. त्याआधी शेजारच्या शेतात काय फवारलं ते विचारा.

अळीच्या अंगात दोन हार्मोन्सचा खेळ चालतो. एक्डायसोन तिला कात टाकायला लावतं. ज्युव्हेनाईल हार्मोन अंगात असेल, तर त्या कातीतून पुन्हा अळीच निघते. शेवटच्या अवस्थेत ते ओसरलं की मगच कोष आणि पुढे कोषाच्या आतला प्यूपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी मारतात ते पायरीप्रॉक्सिफेन नेमकी याच ज्युव्हेनाईल हार्मोनची नक्कल करतं. तुतीवर त्याचा अंश आला तरी अळी ‘लहानच’ राहते. मरत नाही, म्हणून लवकर शंकाही येत नाही. १९५४ साली जर्मनीत बूटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे ५०० किलो प्यूपे वापरले, तेव्हा कुठे २५ मिलिग्रॅम एक्डायसोन हाती आलं. इतक्या सूक्ष्म मात्रेवर चालणारी ही व्यवस्था वाऱ्याबरोबर आलेल्या फवाऱ्याने बिघडणारच. चार अळ्यांना पाला घालून बघायची नेहमीची चाचणी इथे फसवते, कारण परिणाम थेट कोषाच्या वेळी दिसतो. यावर उतारा नाही. शेजाऱ्याशी फवारणीआधीच बोलून ठेवा आणि बांधाकडच्या ओळींचा पाला अळ्यांना घालू नका.

दुसरी चूक कातेच्या वेळची. अळी डोकं वर करून निश्चल बसते, कातडी ताणून चकाकते, डोक्यामागे बारीक काळसर त्रिकोण दिसतो. आत नवं डोकं तयार होत असतं. तेव्हा पाला टाकला, तर मागे राहिलेल्या चार अळ्या खातात, पुढे जातात आणि सगळी बॅच विस्कटते. खाली ओल साचते ती वेगळीच. पाला थांबवा, चुना भुरभुरवा, हवा खेळती ठेवा. शंभरातल्या पंच्याण्णव अळ्या कात टाकून उठेपर्यंत धीर धरा. उपाशी राहतील म्हणून जीव तुटतो, मला कळतं, पण तो उपास त्यांचा स्वतःचाच आहे.

खरी उपासमार होते ती पाचव्या अवस्थेत. एकूण पाल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक अळी याच सात-आठ दिवसांत खाते. ठरावीक वजन गाठलं की कोषाकडे जायचा निर्णय तिच्या शरीरात होऊन जातो. त्यानंतर पाला तोडलात तरी ती कोष करेल, पण हलका आणि पातळ. म्हणजे ‘कोष झाले ना’ यावर समाधान मानू नका, कवच दाबून बघा. सुकलेला पाला हीही उपासमारच.

कोष काढायची घाई तर सर्रास होते. चार-पाच कोष कापून पाहा. प्यूपा पिवळट, मऊ असेल तर थांबा. तपकिरी आणि टणक झाला की मगच काढणी करा. कोवळा प्यूपा धक्क्याने फुटतो आणि त्याच्या डागाने कोष वाया जातो.