चांगल्या वागणुकीतून व्यवसाय कसा वाढवावा

ग्राहकाशी चांगले वागल्याने धंदा वाढतो का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, वाढतो; पण तो ग्राहक पुन्हा येत असेल तरच. माल निकृष्ट असेल किंवा प्रत्येक विक्रीत तोटाच होत असेल, तर गोड बोलून तो भरून निघत नाही. म्हणून सुरुवात वहीखात्यापासून करावी. गेल्या वर्षी खरेदी केलेल्यांपैकी यंदा किती जण फिरकलेच नाहीत, हे आधी काढावे. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९० मध्ये निरनिराळ्या सेवाव्यवसायांचे आकडे मांडून दाखवले होते की, ग्राहकांची गळती ५ टक्क्यांनी कमी झाली, तर नफा २५ ते ८५ टक्के वाढू शकतो. याचे कारण सरळ आहे. जुना ग्राहक मिळवण्याचा खर्च आधीच झालेला असतो, कालांतराने तो अधिक खरेदी करतो, त्याला समजावण्यात कमी वेळ जातो आणि तो ओळखीच्यांनाही घेऊन येतो.

यानंतर भेटवस्तू आणि सवलतींकडे वळण्याचा मोह होतो, तो आवरावा. ग्राहकसेवेचे अभ्यासक मॅथ्यू डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५,००० हून अधिक ग्राहकांची पाहणी करून २०१० मध्ये असा निष्कर्ष मांडला की, ग्राहकाला भारावून टाकण्यापेक्षा त्याची दगदग कमी केल्याने तो अधिक टिकतो. माझ्या मते, या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे.

समजा, घरी पोहोचलेले यंत्र सुरूच होत नाही, म्हणून ग्राहकाने फोन केला. त्याला बिलाचा क्रमांक तीन जणांना सांगावा लागला आणि शेवटी ‘साहेब आले की विचारतो’ असे ऐकावे लागले, तर आवाजातल्या नम्रतेचा काहीही उपयोग होत नाही. याउलट, ज्या व्यक्तीने फोन उचलला तिनेच तक्रार लिहून घेतली, ‘नवीन यंत्र उद्या पाठवते, जुने ते आणणाऱ्या माणसाकडेच द्या’ असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून चौकशी केली, तर ग्राहकाचे काम एका फोनमध्ये संपते.

हे घडण्यासाठी कर्मचाऱ्याच्या हातात अधिकार हवा. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहात पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा कर्मचाऱ्यांना दिलेली आहे. आपली मर्यादा कितीही लहान असो, ती ठरवून लेखी द्यावी, आणि त्या मर्यादेत घेतलेल्या निर्णयाबद्दल नंतर कोणालाही बोल लावू नये. एकदा जरी तसे झाले, तरी पुढच्या वेळी तो कर्मचारी ‘साहेबांना विचारतो’ हेच म्हणेल. ज्यांना स्वतःला मान मिळत नाही, त्यांच्याकडून ग्राहकाचा मान राखण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

अर्थात, चांगले वागणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. कर्मचाऱ्यांना शिवीगाळ करणाऱ्याला शांतपणे नकार द्यावा.

तक्रारी कमी झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण नाराज झालेले बरेच जण काही न बोलता दुसरीकडे जातात. म्हणून खरेदी थांबवलेल्या काही ग्राहकांना दरमहा स्वतः फोन करून कारण विचारावे आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. वर्षअखेर गळतीचा आकडा पुन्हा काढावा. वागणूक सुधारूनही तो हलला नसेल, तर या नोंदींमध्ये मालाचा दर्जा, किंमत किंवा विलंब यांपैकी कशाचा उल्लेख वारंवार आला आहे ते पाहावे आणि पुढचा खर्च तिकडे वळवावा.