साखरेच्या पाकाचा कोन कसा मोजावा

पाकात लिंबू पिळलं की साखर धरत नाही, हे घरोघरी ठाऊक असतं. लिंबू नेमकं काय करतं ते मात्र ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशात दिसतं. साखरेचं द्रावण हे प्रतल काही कोनातून वळवतं. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रोज ‘पोल’ (या कोनावरून मोजलेलं साखरेचं शेकडा प्रमाण) काढतात, ती याच तत्त्वावर.

पोलरायझर फिल्मचे (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या पातळ पट्टीचे) दोन तुकडे, कोनमापक आणि सपाट बुडाचा उभा काचेचा पेला घ्या. प्लास्टिकचा पेला नको, त्यात आपोआप रंग उमटतात आणि मापन फसतं. मोबाईलच्या पडद्यावर पूर्ण हिरवं चित्र लावा. प्रत्येक रंग वेगळ्या कोनातून वळतो, म्हणून रंग एकच ठेवायचा.

मोबाईलवर एक फिल्म ठेवा आणि उजेड सर्वाधिक दिसेपर्यंत फिरवा. तिच्यावर पेला, त्यात १० सेंटिमीटर पाणी. दुसरी फिल्म पेल्यावर धरून अगदी अंधार होईपर्यंत फिरवा. हा तुमचा शून्य.

आता १०० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून एकूण द्रावण २०० मिलिलिटर करा. (२०० मिलिलिटर पाण्यात साखर घालणं वेगळं, इथेच बहुतेकांची चूक होते.) पेल्यात तितक्याच उंचीपर्यंत ओता. अंधार उजळेल. वरची फिल्म घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत पुन्हा अंधार गाठा आणि कोन टिपून ठेवा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात तो सुमारे ३३ अंश येतो, हिरव्यात थोडा जास्त. साखर निम्मी केली की कोनही निम्मा.

दुसरा पाक तितक्याच साखरेचा करा, पण अर्धं लिंबू पिळून अर्धा तास मंद उकळा. गार झाल्यावर पाणी घालून २०० मिलिलिटर भरून घ्या. गोडी जवळपास तशीच, कोन मात्र उतरलेला. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवतं, फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. शिळ्या उसाच्या रसाची पोल घसरते ती यामुळेच. कारखान्यातलं दुसरं माप, ब्रिक्स, रसात विरघळलेलं सगळंच शेकड्यात मोजतो. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल, तर शुद्धता, म्हणजे ब्रिक्समधला पोलचा वाटा, ८५ टक्के.

रस गढूळ असला तर पूर्ण अंधार होतच नाही. तरंगत्या कणांवरून विखुरलेला प्रकाश आपलं ध्रुवण हरवतो आणि राखाडी उजेड उरतो. तो उजेड म्हणजे गाळ शिल्लक असल्याची खूण, आधी फिल्टर पेपरमधून गाळा. प्रयोगशाळेत यासाठी शिशाचा क्षार वापरत आले आहेत, पण तो विषारी आहे. घरात आणू नका.