भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर झोपायची-जेवायची सोय असलेली व्हॅन लावून दिवसभर माणसं पाहायची असतील तर

तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. समुद्रावर माणसं किती वेळ, कुठे आणि कशी वावरणार हे पाणी ठरवतं. हिशेब कोळीवाड्यातला, जुना आणि सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, रात्र असो वा दिवस, हाच नियम. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर एकदा ताडून बघायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या रविवारी ऐन संध्याकाळी पाणी वर असतं, बसायला चिंचोळी पट्टी उरते आणि लोक लवकर उठतात. पौर्णिमा, अमावस्या किंवा त्यांच्या मागेपुढे दोन दिवस धरले तर दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. तेव्हा किनारा उघडा पडतो आणि माणसं पसरतात. आपल्याला हाच रविवार हवा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि पावसात समुद्रही जवळ जाण्यासारखा नसतो. लांबच लांब मऊ पुळणीसाठी उत्तनला येऊ नये. इथे खडक आहेत, सुक्या मासळीचा वास आहे, माश्या आहेत. पण गावातला कोळी आणि शहरातून आलेला पाहुणा एकाच पट्टीवर वावरताना बघायचा असेल, तर ठाण्याहून एवढ्या जवळ दुसरी जागा नाही.

ठाण्यातून पहाटे पाचला निघा. घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट उजाडायच्या आत पार झाला पाहिजे. काशिमीऱ्यावरून भाईंदर पश्चिम, तिथून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी असं उत्तन. या गावांतून रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की मोठ्या व्हॅनला मागे यावं लागतं. सकाळी लवकर हे जमतं, अकरानंतर घाम फुटतो. छतावरचा एसी आणि कॅरियर धरून व्हॅनची उंची मोजा आणि कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. झाडांच्या फांद्या आणि खाली आलेल्या वायरी इथे खऱ्या अडचणीच्या.

गाडी वाळूत उतरवू नका. वरून कडक दिसणारी वाळू भरती उतरल्यावर आतून ओलीच असते. दोन-तीन टनांची व्हॅन रुतली की एक्सिलरेटर दाबल्यावर चाक आणखी खाली जातं आणि सहा तासांत पाणी परत येतं. कडक जमिनीवर थांबा, आणि जाळी किंवा मासळी वाळत घातलेली जागा टाळा. लावण्याआधी जवळच्या घरी विचारा, ‘मावशी, इथे गाडी लावली तर चालेल का, तुमच्या कामाला अडचण नाही ना?’ हा प्रश्न दिवसभर पुरतो.

गाडीचं तोंड उत्तरेला ठेवा. सरकता दरवाजा डावीकडे असतो, म्हणजे तो आपोआप समुद्राकडे, पश्चिमेला उघडतो. दुपारपर्यंत गाडीची सावली दरवाजापुढेच पडते. दोननंतर ऊन समोरून यायला लागतं, तेव्हा गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं कापडी छत्र बाहेर काढून त्याच्या पुढच्या कडेला हिरवी शेडनेट लोंबती बांधा. दुपारी समुद्रावरून वारा उठतो आणि नुसत्या पायांवर उभं केलेलं छत्र उलटून गाडीवर आदळतं. खुंट्या वाळूत टिकत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड दोरीने आवळा, दीड फूट खोल पुरा आणि वरून पाय देऊन दाबा. छत्राच्या प्रत्येक कोपऱ्याला अशी एक पिशवी, दोरीने बांधलेली. वारा वाढला तर हट्ट न करता छत्र गुंडाळायचं.

चौघांसाठी पिण्याचं पाणी 16 लिटर, पाय धुवायला वेगळं 20 लिटर. दाराशी बादली, मग आणि काथ्याचं पायपुसणं ठेवलं नाही तर संध्याकाळी गादीत वाळू असते. 100 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची. छोटा फ्रिज आठ तासांत 25 ते 30 एएच खातो, एक पंखा दहाएक. दिवस निघतो, पण एसी त्यावर चालणार नाही. चहा करताना खिडकी उघडी ठेवा. भांड्यांचं पाणी बादलीत साठवून घरी न्या. पोर्टेबल टॉयलेटही घरीच रिकामं करायचं, खाडीत किंवा खडकामागे अजिबात नाही.

आता बसायचं कुठे. बहुतेक जण खुर्ची पाण्याच्या जवळ टाकतात आणि तिथून फक्त पाठी दिसतात. वाट जिथे वाळूला मिळते ती जागा शोधा. तिथे प्रत्येक जण चपला काढायला थांबतो. त्या जागेपासून पंधरा-वीस पावलं बाजूला, जराशी तिरकी खुर्ची लावा. कोण चपला हातात घेतो, कोण पिशवीत ठेवतो, कोण चार पावलं जाऊन परत येऊन त्या मोजतो, हे सगळं इथेच घडतं. खुर्ची मात्र सुक्या शेवाळाच्या आणि कचऱ्याच्या रेघेच्या वर हवी. मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं असतं. उधाणाच्या दिवसांत आणखी चार हात वर.

सकाळी सात ते साडेनऊ गावाची वेळ. बांबूंवर बोंबील घालणाऱ्या बायकांचे हात बघा. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी बांबूवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. नजर शेजारणीकडे, बोलणं चालू, बोटं थांबत नाहीत. हे काम आहे, देखावा नाही. उगाच समोर उभं राहू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि सुकं घ्यायचं असेल तर त्यांच्याकडूनच घ्यावं.

अकरा ते तीन झोपा.

चारनंतर ठाणे, भाईंदर, मिरा रोडची कुटुंबं येतात. सगळीकडे नजर फिरवली की काहीच लक्षात राहत नाही. एकच चटई निवडा आणि पंधरा मिनिटं तिथेच राहा. आधी चटईची जागा दोनदा बदलते, मग डबे उघडतात, मग कोणीतरी आजीला पाण्याकडे नेतं. आजी घोट्यापर्यंत पाण्यात जाते, एका हाताने निऱ्या वर धरते. लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते आणि दुसरा हात आपसूक नातवाच्या खांद्यावर पडतो. नातू तोवर पुढे पळायला बघत असतो, आता मात्र हलत नाही. असा क्षण फोनमध्ये पकडायला गेलात तर हातून जातो. खिशात छोटी वही ठेवा आणि नुसती हालचाल लिहा. नाती आणि कारणं आपल्या मनाने जोडू नका. माणसांवर दुर्बीण रोखू नये. लहान मुलांचे आणि जोडप्यांचे फोटो नकोत, आणि कोणी दोनदा आपल्याकडे पाहिलं तर नजर समुद्राकडे वळवावी.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. बहुतेक लोक त्याच क्षणी उठतात, पण तुम्ही अर्धा तास थांबा. चपला शोधणं, दमलेलं मूल खांद्यावर घेणं, भेळवाल्याचा शेवटचा हिशेब, हे त्यानंतरचं. मग डास येतात, जाळ्या लावून आत जेवून घ्या. रविवारी साडेसात-आठला निघालात तर घोडबंदरवर अडकाल, नऊनंतर निघा. मुक्काम करायचा असेल तर रस्त्याकडेला नको, अंगण असलेल्या घरी विचारून, पैसे देऊन. आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या खालून, चाकांच्या कमानींतून आणि सरकत्या दाराच्या खाचेतून गोडं पाणी मारा. खाचेत खारी वाळू राहिली की दाराची चाकं महिनाभरात करकरायला लागतात.