केळीच्या बागेत पोर्ट्रेट काढायचंय?
रावेर-यावलच्या केळीबागेत पोर्ट्रेट काढायचं असेल, तर क्रॉप सेन्सरसाठी (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी) ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) ८५ मिमी. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं. एफ/१.४साठी जास्त पैसे घालायची घाई नको. फरक जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). खरी जादू अंतरात आहे. माणसाला झाडांच्या रांगेला खेटून उभं करू नका, पाच-सहा मीटर पुढे आणा आणि तुम्ही जवळ जा. मग पानांतून झिरपणाऱ्या कवडशांचे मऊ, गोल ठिपके होतात, फार सुंदर दिसतात! फोकस मात्र जवळच्या डोळ्यावरच. ८५ मिमीला, एफ/१.८वर, दोन मीटरवरून साधारण सहा सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात इतक्या उघड्या लेन्सला १/४००० सेकंदाचं शटरही अपुरं पडतं, फोटो पांढरा पडतो, तेव्हा सावली गाठा किंवा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा.